नहपानाच्या गालावरचा डोंगर

नहपानाच्या गालावर डोंगर उभा आहे. तीन कमानी, त्यांच्या खाली नदीसारखी एक नागमोडी रेघ आणि भोवती ब्राह्मी अक्षरं. कमानींच्या फटीतून राजाचं नाक अजून दिसतं, हनुवटीही दिसते. कान मात्र डोंगराखाली गेला. नाणं उलटं केलं तर तिकडेही तोच प्रकार. मूळचा बाण आणि वज्र दाबून त्यांच्यावर चार गोळ्यांचं एक चिन्ह बसवलंय. नाणेशास्त्रात त्याला उज्जयिनी चिन्ह म्हणतात. नाणं चांदीचं, वजनाला दोन ग्रॅमच्या जरा वर, रुंदीला बोटाच्या नखाएवढं. तेवढ्या जागेत दोन राजे राहतात, आणि ते एकमेकांचे वैरी होते.

पहिला राजा क्षहरात कुळातला क्षत्रप नहपान. त्याचं नाव नाण्यावर तीन लिप्यांत होतं: ब्राह्मी, खरोष्ठी आणि ग्रीक. ग्रीक अक्षरं इतकी बिघडलेली आहेत की ठसा कोरणाऱ्याला ग्रीक येत असेल असं वाटत नाही. दुसरा राजा गौतमीपुत्र सातकर्णी. त्यानं नहपानाला हरवलं, त्याचं चलन ताब्यात घेतलं आणि नाणी न वितळवता त्यांच्यावर आपला ठसा मारला. दुर्मिळ नाण्याची मालकी शोधायची म्हणजे लिलावाच्या याद्या, जुन्या पावत्या, एखाद्या राजघराण्याची मोजदाद असं सगळं धुंडाळावं लागतं. इथे मात्र १९०० वर्षांपूर्वीचं पहिलं हस्तांतर नाण्याच्या अंगावरच नोंदलेलं आहे. सातबाऱ्यावर फेरफार चढवताना जुन्या मालकाचं नाव पुसत नाहीत, कंस करून ठेवतात. गौतमीपुत्राच्या टांकसाळीनं तेच केलं.

ही नाणी सापडली १९०६ साली, नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावात. योगायोग असा की त्याच वर्षी इंग्रज सरकारनं जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन भाग केले, धुळ्याचा पश्चिम खानदेश आणि जळगावचा पूर्व खानदेश. जोगलटेंभीचा साठा एवढा मोठा होता की रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांच्या डोळ्यांखालून गेलेली नाणीच १३,२५० भरली. नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा होता, म्हणजे दर तिनांतली दोन. बाकीची नहपानाची कोरी. चांदी पंचवीस-तीस किलोच्या घरात जाते. स्कॉटनी त्यांच्यावर लिहिलेला निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापून आला. १९०८ मध्ये ई. जे. रॅप्सन यांनी ब्रिटिश म्युझियमची आंध्र आणि पश्चिमी क्षत्रप नाण्यांची सूची काढली, तिच्यातही या साठ्याची दखल आहे.

या साठ्यानं एक जुना वाद मिटवला. गौतमीपुत्रानं नहपानाला हरवलं की नहपानाच्या पश्चात त्याच्या वारसांना, यावर विद्वान भांडत होते. नहपानानंतर मध्ये कोणी राज्य केलं असतं, तर एवढ्या मोठ्या ढिगात त्याची चार नाणी तरी हवी होती. एकही नव्हतं. नहपान आणि लगेच गौतमीपुत्र, मध्ये कोणी नाही. कोणा अनामिक माणसानं पुरून ठेवलेल्या मडक्यानं इतिहासाचा क्रम लावून दिला.

स्कॉटना आणखी एक गोष्ट खटकली होती. नाण्यांवर नाव एकाच राजाचं, पण चेहरे वेगवेगळे. कुठे तरुण, कुठे म्हातारा, कुठे नाक बाकदार, कुठे सरळ. हे सगळं एका माणसाचं वय वाढत गेल्याचं लक्षण मानावं, तर नाकाचा आकार वयानं बदलत नाही. मग हे चेहरे घराण्यातल्या इतरांचे असावेत, असं स्कॉटनी सुचवलं. कारागिरानं राजाला कधी पाहिलंच नसेल ही शक्यताही मला सोडवत नाही, पण तो माझा तर्क झाला.

आता या नाण्यांचा खानदेशाशी काय संबंध, असं कोणी विचारेल. भडोच बंदरातून माल पैठणला न्यायचा तर तापी ओलांडावी लागते आणि पुढे सातमाळा-अजिंठ्याचा डोंगर चढावा लागतो. मधला सगळा मुलूख आपला, खानदेशाचा. ‘पेरिप्लस’ हा ग्रीक भाषेतला खलाशांचा मार्गदर्शक ग्रंथ पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचं सांगतो. त्या भागाच्या राजाचं जे नाव त्यात येतं, ते नहपानाचंच असं बहुतेक अभ्यासक धरतात. भडोचला रोमन सोन्या-चांदीच्या नाण्यांचा स्थानिक चलनाशी सौदा केला तर नफा होतो, असाही सल्ला त्यात दिला आहे. नहपानाच्या नाण्यांत रोमची चांदी वितळून उतरली असावी या मताचा एक आधार हाच. तसं असेल तर नहपानाच्याही आधी एक मालक निघतो, आणि तो भूमध्य समुद्रापलीकडचा.

गौतमीपुत्राच्या मुलखाची यादी त्याच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात कोरून घेतली आहे. तिच्यात ‘असिक’ असा एक प्रदेश येतो. ऋषिक म्हणजे हाच, आणि तो म्हणजे आजचा खानदेश, असं वा. वि. मिराशींचं प्रतिपादन. त्याच लेखात आपल्या मुलानं क्षहरातांचा निर्वंश केला, असं ही आई अभिमानानं सांगते. नाण्यावरच्या ठशाचं यापेक्षा स्पष्ट भाष्य मिळायचं नाही.

पांडवलेण्यांचा डोंगर चढून गेलात तर दहाव्या लेण्यापाशी जरा जास्त थांबा. हे नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं लेणं. त्याच्या शिलालेखात चक्क ठेवींचा हिशोब आहे. त्यानं ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमचे ठेवले. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं आणि १००० दुसरीकडे पाऊण टक्क्यानं. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. पुढे एका दानाचा हिशोब ७०,००० कार्षापण म्हणजे २००० सुवर्ण असा मांडलाय, पस्तिसाला एक हा भावही दिलाय. हे कार्षापण म्हणजे नहपानाची ही चांदीची नाणीच, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. दगडावर कोरलेला चांदी-सोन्याचा विनिमय दर! जळगावच्या सराफ बाजारात रोज सकाळी फळ्यावर लागणारा भाव पुढच्या दिवशी पुसला जातो. उषवदाताचा भाव अजून तिथेच आहे.

आणि त्याच डोंगरात, बलश्रीच्या लेखाच्या त्या तिसऱ्या लेण्यात, गौतमीपुत्राचा अठराव्या राज्यवर्षातला हुकूम आहे. विजयी सेनेच्या छावणीतून तो गोवर्धनच्या अमात्याला कळवतो की पश्चिम कखडी गावातलं जे शेत आजवर उषवदाताकडे होतं, ते २०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना देत आहोत. म्हणजे जावयाच्या जमिनीचा फेरफार दगडावर, सासऱ्याच्या नाण्यांचा फेरफार चांदीवर, आणि दोन्ही एकाच विजयाचे. गोष्ट इथेही संपत नाही. सहा वर्षांनी दुसरा हुकूम निघतो. कखडीचं शेत कोणी कसत नाही, गावच ओस पडलंय, तेव्हा त्याच्या बदल्यात शहराच्या शिवेवरची १०० निवर्तनं सरकारी जमीन द्यावी. लढाईनंतर गावं उठून जातात आणि दिलेलं दान कागदावरच राहतं, हा अनुभव तेव्हाही जुनाच असणार. कखडीतून उठून गेलेल्यांच्या गाठीला त्या वेळी कोणतं नाणं असेल? कोरं की ठसा मारलेलं? जोगलटेंभीच्या मडक्यात दोन्ही एकत्र होती. मडकं पुरणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटली असतील. चांदी तेवढीच, वजन तेवढंच. राज्य बदललं तरी बाजारानं जुनं नाणं नाकारलं नाही, एवढं तरी त्यातून निघतं.

ठसा मारण्याची ही पद्धत आज नाण्याचा माग काढणाऱ्याच्या पथ्यावर पडते. नाणं ऐरणीवर, वर ठसा, त्यावर हातोडा. प्रत्येक वेळी नाणं थोडं फिरलेलं, घाव थोडा कलता. म्हणून नऊ हजारांत एकसारखी दोन सापडायची नाहीत. कुठे डोंगर कपाळावर, कुठे गळ्यावर, कुठे उलटा. एखाद्या नाण्याचं चित्र शंभर वर्षांपूर्वीच्या सूचीत छापलेलं असेल आणि आज तसंच नाणं लिलावात आलं, तर डोंगराचा कोन, कडेची चीर, पुसलेलं अक्षर जुळवून हे तेच असं ठामपणे म्हणता येतं. त्या काळच्या सूच्यांत बहुधा नाण्याचा फोटो नसे. नाण्याचा प्लास्टरमध्ये छाप घेऊन त्या छापाचा फोटो काढत, म्हणजे धातूची चमक आड येत नसे. ते धूसर, पांढुरके फोटो आज नाण्यांचे जन्मदाखले झाले आहेत. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० साली सुरू झालेल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत परमेश्वरीलाल गुप्तांसारख्या विद्वानानं काम उभं केलं, ते अशाच जुळवाजुळवीच्या पायावर.

चांदीचं हे झालं. सोन्याचा माग काढणं फार अवघड, आणि त्याचं कारण जळगावकरांना वेगळं सांगायला नको. सोनं आटतं. कापसाचे, केळीचे पैसे हातात आले की दागिना घडवायचा, नड आली की मोडायचा. मूस तापली की रोम, व्हेनिस, बुऱ्हाणपूर सगळं एकच होतं. तरी काही नाणी आटणीतून वाचली, कारण त्यांनाच दागिन्याचं रूप मिळालं. आजीच्या पुतळीहारातली पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डकॅट. ते पहिल्यांदा पाडलं १२८४ साली आणि पाचशे वर्षांहून अधिक काळ त्याचं चित्र जवळजवळ तसंच राहिलं. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकून बसलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला लंबगोलात ताऱ्यांमध्ये उभा येशू. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळपास शंभर नंबरी. इथल्या सोनारांनी त्याच्या नकलाही भरपूर केल्या. नक्कल ओळखायची तर अक्षरं बघा. लॅटिनच्या जागी उभ्या-आडव्या रेघा दिसतील, कारण करणाऱ्यानं अक्षरं न वाचता नुसती चित्रासारखी उतरवली. नहपानाच्या ग्रीक अक्षरांचं जे झालं होतं तेच इथे व्हेनिसच्या लॅटिनचं झालं.

पुतळीच्या डोक्यावर डाक लावून कडी बसवतात. पुढे कडी काढली तरी तिथली कड जरा जाड, जरा वेगळ्या रंगाची राहते. संग्राहक अशा नाण्याला नाक मुरडतात, किंमत पाडतात. जुन्या रुपयांवरच्या सराफी ठशांचंही तसंच. नाणं खरं का खोटं हे तपासून सराफ त्यावर बारीकसा ठसा मारत, कधी चंद्रकोर, कधी नुसतं टिंब. हातोहात फिरलेल्या रुपयावर असे पाच-सात ठसे सहज निघतात. बाजार त्याला डाग समजतो. मला हा बाजाराचा आंधळेपणा वाटतो. घासूनपुसून लखलखीत केलेल्या रुपयापेक्षा पाच सराफांच्या हाताखालून गेलेला रुपया जास्त बोलतो. गौतमीपुत्राचा ठसाही या हिशोबानं डागच की!

कागदाची साथ मिळाली तर? इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगावच्या वाड्यांतून दप्तरं गोळा केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथेच उभं राहिलं. मराठेशाहीतले जमाखर्च वाचताना होन, मोहोरा, पुतळ्या वेगळ्या मोजलेल्या दिसतात. रुपयेसुद्धा नुसते ‘रुपये’ म्हणून चालत नसत. चांदवडी, अंकुशी असं टांकसाळीवरून किंवा चिन्हावरून सांगावं लागे, कारण प्रत्येकाचा बट्टा वेगळा. चांदवड होळकरांचं, आपल्या शेजारचंच. पण या कागदांची मर्यादाही तिथेच आहे. मुलीच्या लग्नात अमुक इतक्या पुतळ्या दिल्या, एवढं कळतं. त्यातली कोणती पुतळी आज कोणाच्या गळ्यात, ते कागद सांगत नाही. नाण्याचा जातीवार हिशोब आणि एकेका नाण्याचा माग यांत फार अंतर आहे.

खानदेशात जन्मलेलं सर्वांत देखणं नाणं कोणतं, असं मला विचारलं तर मी अकबराच्या ससाण्याच्या मोहोरेचं नाव घेईन. फारुकी सुलतानांची पहिली गादी तापीकाठच्या थाळनेरला, पुढे बुऱ्हाणपूर वसलं आणि त्याच्या डोक्यावर असीरगडचा पहारा. आज गड मध्य प्रदेशात असला तरी रावेरहून फार लांब नाही, आणि त्या काळी तर तो खानदेशाची कुलूपकिल्लीच होता. अकबर स्वतः वेढ्याला येऊन बसला. बहादूरशाह फारुकी शरण आला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. त्या विजयाची सोन्याची मोहोर निघाली. एका बाजूला फुलापानांच्या नक्षीत उभा असलेला ससाणा, दुसऱ्या बाजूला अकबराचा इलाही सन ४५, महिना इस्फंदारमुझ, टांकसाळ असीर. इस्फंदारमुझ हा इलाही वर्षाचा शेवटचा महिना, मार्च १६०१ मध्ये संपणारा. म्हणजे गड पडल्यानंतर काही आठवड्यांतच ठसा कोरून नाणं तयार होतं. प्राण्याचं चित्र असलेली नाणी अकबराच्या कारकिर्दीत फार थोडी. आग्र्याची बदकाची मोहोर दुसरी. ज्या नाण्याचा महिना आणि गड दोन्ही ठाऊक आहेत, ती ही असीरची मोहोर आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अकबरानं खानदेश मुलगा दानियालला दिला आणि मुलखाचं नाव दानदेश केलं. ते नाव टिकलं नाही, ससाणा टिकला.

आकार मोठा म्हणून मागही सोपा, असं मात्र समजू नये. जहांगीरनं १६१३ च्या सुमारास आग्र्याला पाडलेली हजार मोहोरांची एक प्रचंड मोहोर होती, वजन बारा किलोच्या आसपास, व्यास वीस सेंटीमीटर. ती हैदराबादच्या निजामाकडे आली आणि १९८७ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात निघाल्याची खबर भारतात पोचली, तेव्हा सीबीआयनं चौकशी लावली. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं शोध पुन्हा हाती घेतल्याच्या बातम्या आल्या. मागे बादशहा, पुढे निजाम, एवढी नावं असलेली, मांडीवर पेलणार नाही एवढी मोहोर शोधावी लागते. आणि जोगलटेंभीच्या दोन ग्रॅमच्या नाण्यांचा गाव, साल, मोजदाद सगळं छापील आहे.

याचं श्रेय एका रुक्ष कायद्याला द्यावं लागेल. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. खरा मालक पुढे आला नाही, तर तीन वाटे सापडणाऱ्याचे आणि एक वाटा जमीनमालकाचा. सरकारला ते धन हवं असेल तर त्यातल्या धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन सरकार ते घेऊ शकतं. दहा रुपयांची ती मर्यादा आज वाचताना हसू येतं, पण कायदा अजून चालू आहे. त्याच्या जोडीला १९७२ चा पुरावस्तू कायदा आला. शंभर वर्षांहून जुनं नाणं परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, ते त्यामुळे. जुन्या मुंबई इलाख्यात असे साठे तपासायला एशियाटिक सोसायटीकडे जात आणि तिथून वेगवेगळ्या संग्रहालयांना नाणी वाटली जात. कुठल्या गावचं नाणं कुठे गेलं, हे म्हणून आज सांगता येतं.

तेव्हा विहिरीच्या खोदकामात किंवा नांगराच्या फाळाला एखादं मडकं लागलंच, तर पहिली घाई नाणी चिंचेनं घासण्याची करू नका. हिरवट-काळ्या थरात नाणं मातीत पडून राहिल्याचा पुरावा असतो, आणि नाणी कोणत्या कापडात बांधली होती त्याचा ठसाही कधी कधी त्याच थरात उमटलेला असतो. नाणी वाटून घेऊ नका, मोजा. शेताचा गट नंबर लिहून ठेवा, किती खोल सापडलं ते लिहा. कलेक्टरला कळवा. आणि मडक्याच्या खापऱ्या बांधावर फेकून देऊ नका. खापराचा पोत आणि काठाचा आकार पाहून जाणकार मडक्याचा काळ सांगतात, आणि त्यावरून मडकं कधी पुरलं याचाही अंदाज बांधता येतो. नाण्यावर राजा असतो. पुरणारा माणूस असलाच तर त्या खापरांत असतो, आणि नेमकी तीच आधी फेकली जातात.